वाचकांचे प्रश्न : मोबाइल, गाव आणि पीएच.डी.

डिजिटल माध्यमे आणि समाजविकास या विषयात शिकवण्याचे, संशोधनाचे काम करायचे तर वाट कशी धरावी, यावर वडोदऱ्याच्या वाचकांकडून आलेली ही पत्रे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठात बी.ए. समाजशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गावपातळीवर मोबाइल, ऑनलाइन सेवा, कम्युनिटी रेडिओ यांनी काय फरक पडतो याचा अभ्यास करायचा आहे, पुढे शिकवायचेही आहे. पण या नावाचा विभागच कुठे दिसत नाही. एम.ए. कशात करू? (विद्यार्थिनी, कारेलीबाग)

उत्तर : या नावाचा विभाग शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय चार घरांत वाटला गेला आहे. पहिले घर विस्तार आणि संप्रेषणाचे. तुमच्याच विद्यापीठात ते फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस विद्याशाखेत आहे. जुनी मंडळी तिला अजून होम सायन्सच म्हणतात. संदेश तयार करणे, तो लोकांसमोर ठेवून तपासणे, योजनेचे मूल्यमापन करणे हे तिथले मुख्य काम. दुसरे घर समाजकार्याचे, त्याचीही स्वतंत्र विद्याशाखा वडोदऱ्यातच आहे. तिथे क्षेत्रकार्य सक्तीचे, त्यामुळे वस्तीत जाऊन बसायची सवय लागते. तिसरे पत्रकारिता आणि जनसंवाद. चौथे संगणकशास्त्राच्या अंगणात, पण तिकडे बी.ए.वरून शिरणे अवघड.

शिकवायचे पक्के असेल तर विभागाच्या नावापेक्षा नेटच्या (कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) विषयांची यादी आधी पाहा. सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत संबंधित विषयात किमान ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी आणि नेट मागतात, आणि छाननीत विषय जुळतो की नाही हे फार कडकपणे पाहिले जाते. नेटमध्ये समाजशास्त्र (संकेतांक ०५), समाजकार्य (१०), गृहविज्ञान (१२), जनसंवाद व पत्रकारिता (६३) आहेत. 'डिजिटल विकास' वगैरे नावाचा विषय नाही. आकर्षक नावाची एम.ए. करून बसलेल्यांचे अर्ज इथेच बाजूला पडतात. तुम्ही आधीच समाजशास्त्रात आहात, तेव्हा तिथेच राहणे चुकीचे नाही. पण आमचा कौल समाजकार्याला. सिद्धान्त पुस्तकातून भरून काढता येतो, वस्तीत वावरण्याची सवय तशी भरून निघत नाही. बाहेर जायची तयारी असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि हैदराबाद विद्यापीठाचा संप्रेषण विभाग पाहा. कम्युनिटी मीडियावरचे युनेस्को अध्यासन हैदराबादलाच आहे. जवळ हवे असेल तर आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था, म्हणजे इर्मा आहे. २०२५ पासून ते त्रिभुवन सहकारी विद्यापीठात आले आहे.

आणि हा विषय स्मार्टफोनबरोबर जन्माला आला असे समजून सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहू नका. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. १९७५ मध्ये इथून जवळच, खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी इस्रो आणि दूरदर्शनचा खेडा प्रकल्प सुरू झाला. शेतमजुरी, जातिभेद, दारू अशा गावच्याच प्रश्नांवरचे कार्यक्रम गावकऱ्यांना बरोबर घेऊन बनत आणि सार्वजनिक टीव्ही संचांवर दिसत. पेटी असो, संच असो की आजचे ई-ग्राम केंद्र (ग्रामपंचायतीतले ऑनलाइन सेवांचे केंद्र) असो, अभ्यासकाने विचारायचा प्रश्न तोच आहे : किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस कुणाला आत घेतो? यंत्र आणि गाव यांच्या मधल्या माणसाचा अभ्यास आपल्याकडे अजून पोटभर झालेला नाही. विषय तिथे शोधा.

प्रश्न : लेक कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीऐवजी खेड्यांत तंत्रज्ञान कसे वापरतात यावर पीएच.डी. करायची म्हणते. एम.टेक. न करता होते का? आणि इतकी वर्षे खर्चाचे काय? (एक आई, दांडिया बाजार)

उत्तर : होते, ताई. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो (राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत). २०२४ पासून अशा मुलांना नेटही ज्या विषयात पीएच.डी. करायची त्या विषयातून देता येते, पदवी कुठल्याही शाखेची असो. म्हणजे इंजिनीअर मुलगी समाजकार्याची नेट देऊ शकते. पेपर दोन, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

एक अडचण मात्र आजच समजून घ्या. नुसत्या पदवीवर तिला जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) आणि पीएच.डी.चा प्रवेश मिळेल, सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळणार नाही. त्याला पदव्युत्तर पदवी लागतेच. पुढे कॉलेजात शिकवायचे असेल तर आधी दोन वर्षे एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू. केलेले बरे. ती दोन वर्षे वाया जात नाहीत. इंजिनीअर मुलांचा पहिला ओढा नवे अ‍ॅप बनवण्याकडे असतो, आणि गावाला सहसा अ‍ॅप कमी पडत नसते. हे ध्यानात यायला दोन वर्षे उपयोगी पडतात.

पैशाचे असे : जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, एकूण पाच वर्षे, घरभाडे भत्ता वेगळा. वयोमर्यादा ३०, मुलींना पाच वर्षांची सूट. जेआरएफ हुकली तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे : दोन वर्षे महिना १५,००० आणि वर्षाला २०,००० किरकोळ खर्चासाठी, पूर्णवेळ संशोधन हवे आणि दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. मुदत कागदावर किमान तीन वर्षे, कमाल सहा. पाच धरून चाला आणि शेवटच्या वर्षासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा, कारण शिष्यवृत्ती बहुधा प्रबंध बांधणीला जायच्या आधी संपते.

पुढे कायम जागेवर सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते. पण कायम जागा क्वचित निघतात, बऱ्याच मुलांची पहिली काही वर्षे कंत्राटी किंवा व्हिजिटिंगवर जातात. तुमच्या लेकीला एक जास्तीचा आधार आहे : संगणक येणारी आणि गावात बोलता येणारी माणसे मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना, मोठ्या एनजीओंना आणि कंपन्यांच्या वापरकर्ता-संशोधन विभागांनाही लागतात. हातचा कोड लिहिण्याचा सराव मोडू देऊ नका, एवढेच तिला सांगा.

प्रश्न : माझा विषय 'ग्रामीण महिलांचा इंटरनेट वापर'. सावली आणि डभोई तालुक्यांतून ४०० प्रश्नावल्या भरून घ्यायच्या आहेत. गाइड म्हणतात गूगल फॉर्म करून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आठवड्यात काम होईल. चालेल का? (पीएच.डी. विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : आठवड्यात होईल, आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) पहिल्याच प्रश्नाला कोसळेल. इंटरनेट कोण वापरत नाही हे तुम्ही इंटरनेटवरून विचारणार! फॉर्म भरणाऱ्या शंभरातल्या शंभर बाया इंटरनेटवाल्या निघतील. त्यातही गावच्या ग्रुपवर बायका कमीच असतात. फॉर्म नवरा किंवा मुलगा भरेल आणि उत्तर बाईच्या नावाने जाईल.

आता ४०० चे बघू. हा आकडा ३८४ वरून आला आहे : ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक, नमुना पूर्णपणे यादृच्छिक. पण तुम्ही २० गावे घेऊन प्रत्येकी २० घरे करणार असाल तर तो यादृच्छिक राहत नाही. एका गावातली घरे एकमेकांसारखी असतात : एकच टॉवर, एकच शाळा, एकच ई-ग्रामवाला. हे साम्य अगदी ०.०५ इतके थोडे धरले तरी १ + (२० − १) × ०.०५ = १.९५ हा गुणक येतो. ४०० ला त्याने भागा, म्हणजे तुमच्या ४०० प्रश्नावल्यांचे वजन जेमतेम २०५ चे, आणि चूक ५ वरून पावणेसात-सात टक्क्यांवर. त्याच ४०० ला ४० गावे आणि प्रत्येकी १० घरे करा : गुणक १.४५, वजन सुमारे २७६, चूक ६ टक्क्यांच्या आत. एसटीचे भाडे वाढेल, पण नमुना वाढवण्यापेक्षा गावे वाढवणे स्वस्त पडते. घर निवडताना सरपंचाच्या ओसरीपासून सुरुवात करू नका. फळिया-फळियाचा (गावातल्या एकेका मोहल्ल्याचा) कच्चा नकाशा काढा, प्रत्येक फळियातून ठरावीक अंतराने घर घ्या. नाहीतर वाड्यावस्त्या सुटतात आणि सारा नमुना गावठाणाचा होतो.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर फिरते. 'घरात मोबाइल आहे का?' याला जवळपास सगळे हो म्हणतील. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) 'स्वतः वापरता असा मोबाइल आहे का' असे विचारले, तेव्हा देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्केच हो म्हणाल्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या निघाल्या ३३ टक्के. तुम्ही आणखी खाली उतरा : सिम कुणाच्या नावावर, रिचार्ज कोण करतो, दुपारी बारा वाजता फोन कुठे असतो, लॉक कुणाला माहीत. आणि 'इंटरनेट' हा शब्द टाळा. रोज यूट्यूबवर भजने ऐकणारी बाईसुद्धा 'इंटरनेट वापरत नाही' म्हणून सांगते. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, पैसे पाठवणे असे एकेक नाव घेऊन विचारा. मुलाखत नवऱ्याच्या किंवा सासूच्या समोर झाली का, याची खूण करायचा एक रकाना ठेवा. विश्लेषणात तो फार कामाला येतो.

फॉर्म कोबो टूलबॉक्ससारख्या साधनात करा. त्याचे कोबो कलेक्ट हे अ‍ॅप नेटवर्क नसतानाही चालते, फॉर्म फोनमध्ये साठतो आणि नंतर चढवता येतो. एक्सेलमध्ये फॉर्म बांधताना प्रश्नाचा मजकूर गुजराती-मराठीत बिनधास्त लिहा, पण चलाचे नाव (प्रत्येक प्रश्नाचे आतले छोटे नाव) आणि पर्यायांचे संकेत रोमन अक्षरांतच ठेवा, नाहीतर फॉर्म चढवताना अडचण येऊ शकते. १५–२० मुलाखतींची चाचणी शेवटच्या यादीत नसलेल्या गावात घ्या आणि खऱ्या कामाला लागल्यावर प्रश्न बदलू नका. मधेच बदललेल्या फॉर्मच्या दोन आवृत्त्या होतात आणि शेवटी स्तंभ जुळत नाहीत. रोज संध्याकाळी गाव सोडण्यापूर्वी न पाठवलेले फॉर्म शून्य झाले का ते पाहा. मदतनिसाचा फोन भरला की तो जागा करायला अ‍ॅप काढून टाकतो, आणि त्याबरोबर दिवसभराचे कामही जाते.

संख्यांच्या जोडीला एक काम कराच. ई-ग्राम केंद्रात किंवा फॉर्म भरून देणाऱ्याच्या टेबलाशी परवानगी घेऊन सलग सहा दिवस बसा. पाच रकाने आखा : कोण आले, कशासाठी, फॉर्म कुणी भरला, ओटीपी कुणाच्या फोनवर गेला, कितव्या फेरीत काम झाले. चौथा रकाना सोडू नका. आधारला जोडलेला नंबर सुरतेला कामाला गेलेल्या मुलाचा. बाई इकडून त्याला फोन लावते, तो मशीनवर असतो, उचलत नाही. ओटीपीची मुदत संपते, ऑपरेटर म्हणतो उद्या या. म्हाताऱ्या मजुराच्या बोटांचे ठसे झिजलेले, यंत्र तीनदा नाही म्हणते. सरकारी अहवालात या दोघांपैकी एकाचीही नोंद होत नाही, कारण तिथे फक्त पूर्ण झालेले अर्ज मोजतात. तुमच्या प्रबंधातले नवे काही असेल तर ते या वहीत असेल.

प्रश्न : शहरातल्या मराठी ज्येष्ठांच्या मोबाइल वापरावर ३० मुलाखती रेकॉर्ड केल्या आहेत. बोलताना सगळे मराठीत सुरू करतात, मधेच गुजराती, आकडे इंग्रजी. यंत्राने टंकलिखित करून घेतले तर चालेल? सॉफ्टवेअर कोणते? (एम.फिल. झालेली वाचक, रावपुरा)

उत्तर : पहिला कच्चा मसुदा यंत्राकडून घ्या, पण त्याला पुरावा समजू नका. ही साधने एक भाषा धरून चालतात. मराठी निवडली की गुजराती तुकडे मराठीसारखे करून टाकतात, वाक्ये गुळगुळीत करतात, आणि लांब शांततेच्या जागी कधीकधी कुणी न बोललेले वाक्यही घालतात. तुमच्या अभ्यासात तर माणूस कोणत्या ठिकाणी भाषा बदलतो हीच माहिती आहे. बँकेबद्दल बोलताना गुजराती आणि नातवाबद्दल मराठी, असे काही दिसले तर ते यंत्राने पुसलेले असेल. हाताने करा. एका तासाच्या बोलण्याला सहा ते आठ तास धरा. ३० मुलाखती पाऊण तासाच्या असतील तर साडेबावीस तासांचे ध्वनिमुद्रण, म्हणजे १३५ ते १८० तास. एकदम नाही होणार. मुलाखत झाल्याच्या आठवड्यातच उतरवली तर चेहरा, हातवारे आठवतात.

मुद्रण एमपी३ मध्ये १२८ केबीपीएसवर केलेत तर तासाला ५८ एमबी, डब्ल्यूएव्हीला तीनशेच्या वर; बोलण्यापुरते एमपी३ पुरे. आवाज घालवतो तो छतावरचा पंखा. रेकॉर्डर लाकडी टेबलावर सरळ ठेवला की पंख्याची धडधड त्यातून चढते, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा.

संकेतीकरणाला (मजकुराला विषयवार खुणा लावायला) महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. टॅगेट आणि क्वालकोडर फुकट आहेत. मजकूर मात्र युनिकोडमध्येच हवा. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून आणलेत तर सॉफ्टवेअरला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आधी परिवर्तक लावा आणि जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की देवनागरीचा कचरा होतो, तो जतन केलात तर मूळही गेले. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मी आहेच. गणेशोत्सवाच्या काळातले मेसेज संशोधनात वापरले तर कुणाला विचारावे लागेल का? (वाडी)

उत्तर : हो. अ‍ॅडमिनची परवानगी म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे. ग्रुपवर स्पष्ट लिहा की कोणत्या तारखेपासूनचे मेसेज, कशासाठी, कुठवर ठेवणार, आणि नको म्हणणाऱ्याचे मेसेज वगळा, त्याला दिलेली उत्तरेही. मागच्या वर्षीचे मेसेज उकरून काढू नका. तेव्हा कुणी संशोधनासाठी बोलत नव्हते. नुसते नाव काढून भागत नाही. 'मंडळाचे माजी खजिनदार' म्हटले की सगळ्या वाडीला माणूस कळतो, तेव्हा मेसेज शब्दशः न देता आशय द्या. ग्रुपात शाळकरी मुले असतील तर त्यांचे वगळाच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी माहिती गोळा करण्याच्या आधी घ्यायची असते, नंतर मागची तारीख टाकून नाही.

प्रश्न : वय ४३, शाळेत शिक्षक. पार्ट-टाइम पीएच.डी. जमेल? (मांजलपूर)

उत्तर : जमेल, २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला जागा आहे. शाळेचे ना-हरकत पत्र हवे आणि त्यात कामाच्या वेळेतून संशोधनाला वेळ मिळेल असे स्पष्ट लिहिलेले हवे. १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क चुकत नाही. नेटला वरची वयोमर्यादा नाही, जेआरएफ मात्र मिळणार नाही. विषय आपल्या शाळेतल्या ऑनलाइन शिकवण्याचा घेऊ नका. स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नाही म्हणण्याची मोकळीक नसते. शेजारच्या तालुक्यातल्या शाळा घ्या.

प्रश्न : एका आंतरराष्ट्रीय जर्नलकडून ईमेल आला : ३,५०० रुपये भरा, चार दिवसांत पेपर छापतो. यूजीसीची मान्यता आहे असे लिहिले आहे. भरू का? (अलकापुरी)

उत्तर : भरू नका. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यूजीसी मान्यताप्राप्त' हा शिक्काच आता निरर्थक आहे. २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर छापलेला असण्याची देशभरची सक्तीही राहिलेली नाही. तुमच्या विभागाची स्वतःची अट असेल तर ती लेखी मागा. जर्नल पारखायचे तर त्याचा आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून नाव जुळते का पाहा, कारण जुन्या जर्नलांची नावे उचलून केलेल्या नकली साइट आहेत. संपादक मंडळातल्या दोघांची नावे त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर शोधा, आणि एकाला सरळ ईमेल करून विचारा की आपण या मंडळावर आहात का. मागचे दोन अंक उघडा : एकाच अंकात दुग्धव्यवसाय, क्वांटम भौतिकी आणि संतसाहित्य असेल तर पुढे वाचायची गरज नाही. खरे परीक्षण तीन ते आठ महिने घेते आणि पहिले उत्तर बहुधा दुरुस्त्यांचे येते. त्या दुरुस्त्यांचा तक्ता करा, एका बाजूला परीक्षकाचे म्हणणे, दुसऱ्या बाजूला तुम्ही काय बदललेत आणि कोणत्या पानावर. तो तक्ता पेपरसोबत पाठवा.